पेनसिल्व्हेनिया, १७७६ ते १७९०: शस्त्रांचा हक्क आणि शस्त्रांची जप्ती

१७७६च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनियाचे घटना-संमेलन भरले, तेव्हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला दोन आठवडेही उलटले नव्हते. या संमेलनाने पहिल्या आठवड्यातच, १९ जुलै रोजी, एक अध्यादेश काढला. सशस्त्र स्वयंसेवक पलटणींत जे सामील झालेले नाहीत, त्यांच्या घरांतील सर्व शस्त्रे त्या-त्या भागातील पलटणीच्या अधिकाऱ्यांनी शक्य तितक्या लवकर ताब्यात घ्यावीत, असा त्याचा आशय होता. त्याच संमेलनाने २८ सप्टेंबर रोजी राज्याची घटना मंजूर केली आणि तिच्या आरंभी हक्कांची जी सनद जोडली, तिच्या तेराव्या कलमात स्वतःच्या व राज्याच्या संरक्षणासाठी शस्त्रे धारण करण्याचा हक्क जनतेला आहे, असे निःसंदिग्धपणे लिहिले. अध्यादेश आणि सनद या दोहोंना मान्यता देणारी माणसे तीच होती, त्यांचे अध्यक्षही एकच, बेंजामिन फ्रँकलिन. आणि या दोन निर्णयांत काही विसंगती आहे, असे त्यांना वाटल्याचे दिसत नाही.

अमेरिकेतील शस्त्रकायद्यांच्या आजच्या वादात क्रांतिकाळाचा दाखला दोन्ही बाजू देतात, म्हणून हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. माझे म्हणणे असे की पेनसिल्व्हेनियातील निःशस्त्रीकरणाचा कायदा आरंभी बंदुका मिळवण्यासाठी होता आणि वर्षभरात तो माणसांना वळवण्यासाठी, न वळल्यास वाळीत टाकण्यासाठी झाला. हा बदल नजरेआड केला, तर त्या काळातून आज हवा तो निष्कर्ष काढता येतो.

फौज नसलेली वसाहत

इतर बहुतेक वसाहतींत धडधाकट गोऱ्या पुरुषाने स्वतःची बंदूक बाळगणे आणि ठरल्या दिवशी कवायतीला हजर राहणे ही कायद्याने लादलेली जबाबदारी होती. पेनसिल्व्हेनियात तसे नव्हते. विल्यम पेनने १६८१च्या राजसनदेवर उभी केलेली ही वसाहत पुढे कित्येक दशके क्वेकर पंथीयांच्या राजकीय वर्चस्वाखाली राहिली आणि युद्धात कोणत्याही प्रकारे भाग घेणे त्या पंथाला निषिद्ध होते. त्यांच्या जोडीला मेनोनाइट, मोरावियन, श्वेंकफेल्डर असे जर्मन भाषिक पंथ येऊन वसले. शस्त्र उचलण्याबाबत त्यांची भूमिका थोड्याफार फरकाने तीच होती. १७४७ मध्ये फ्रेंच व स्पॅनिश चाच्यांच्या भीतीने फ्रँकलिनने ‘असोसिएशन’ नावाची स्वयंसेवक संघटना उभी केली, ती सरकारी सक्तीविना. तेव्हापासून पलटणीत स्वेच्छेने नाव घालणाऱ्याला ‘असोसिएटर’ आणि न घालणाऱ्याला ‘नॉन-असोसिएटर’ म्हणण्याची रूढी पडली.

एप्रिल १७७५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन व काँकर्ड येथे इंग्रज फौज आणि वसाहतवासी यांच्यात गोळीबार झाला आणि पेनसिल्व्हेनियात असोसिएटरांच्या पलटणी पुन्हा उभ्या राहिल्या. मात्र त्यांच्यात असंतोष लवकरच वाढू लागला. फिलाडेल्फियातील साध्या शिपायांनी आपली स्वतंत्र समिती नेमली. तिची तक्रार अशी होती की हातावर पोट असलेल्या कारागिराने काम बुडवून, पदरमोड करून बंदूक घ्यायची व कवायत करायची, आणि दुकाने-गोदामांच्या मालकांनी धर्माचे नाव सांगून घरी बसायचे. ही तक्रार निव्वळ देशभक्तीची नव्हती, तिच्यात वर्गविग्रहाचा अंशही होता. असेंब्लीने, म्हणजे वसाहतीच्या विधिमंडळाने, नोव्हेंबर १७७५ मध्ये नॉन-असोसिएटरांवर अडीच पौंडांचा कर बसवला आणि पुढच्या वसंत ऋतूत तो साडेतीन पौंड केला. यानेही शिपायांचे समाधान झाले नाही, कारण त्यांना पैशांपेक्षा बंदुकांची निकड होती.

बंदुकांसाठी काढलेला हुकूम

इंग्लंडहून येणारा शस्त्रपुरवठा बंद झाल्यावर वसाहतींपुढे सर्वांत मोठी अडचण हत्यारांची आणि दारूगोळ्याची होती. लँकेस्टर परगण्यातील जर्मन बंदूककार लांब नळीच्या रायफलींसाठी नावाजलेले होते खरे. पण एकेक बंदूक हाताने घडवणाऱ्या या कारखानदारीतून हजारोंची फौज सज्ज होणे शक्य नव्हते. म्हणून १४ मार्च १७७६ रोजी काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या संयुक्त सभेने, सर्व वसाहतींना एका ठरावाद्वारे शिफारस केली की जे अमेरिकेच्या कार्याचे उघड विरोधक आहेत, तसेच जे असोसिएशनमध्ये सामील झालेले नाहीत व होण्यास नकार देतात, त्यांना निःशस्त्र करावे. या ठरावातला दुसरा भाग सहसा उद्धृत होत नाही, वास्तविक तोच अधिक बोलका आहे. जमा झालेली शस्त्रे प्रथम काँटिनेंटल फौजेला द्यावीत, उरलेली वसाहतीच्या स्वतःच्या पलटणींना द्यावीत. त्यांची किंमत तटस्थ माणसांकडून ठरवून घ्यावी आणि ज्याने ती वापरली त्या काँग्रेसने किंवा वसाहतीने मालकाला ती चुकती करावी.

मोल ठरवून मोबदला देण्याची ही तरतूद पाहिली, म्हणजे ठराव करणाऱ्यांच्या मनात काय होते याचा अंदाज येतो. युद्धाच्या गरजेपोटी सरकार घोडे, गाड्या, धान्य ताब्यात घेते आणि त्याचा मोबदला देते, त्याच मालिकेत बंदूक बसवलेली आहे. ‘उघड विरोधक’ आणि ‘सामील न झालेला’ यांना एकाच ओळीत ठेवण्याचे कारणही त्यातच आहे. पहिल्याच्या हातात बंदूक असणे धोक्याचे होते आणि दुसऱ्याच्या घरी ती नुसती पडून होती. ज्या मेनोनाइट शेतकऱ्याने ती ससे-खारी मारण्यासाठी आणि पिकावरची पाखरे उडवण्यासाठी भिंतीला टांगून ठेवली होती, त्याच्यापासून कोणालाही भीती नव्हती. तरीही ती बंदूक हवी होती.

पेनसिल्व्हेनियाच्या असेंब्लीने एप्रिलमध्ये या शिफारशीनुसार पावले उचलली. तथापि ती जुनी, सबुरीने चालणारी असेंब्ली होती. स्वातंत्र्याच्या प्रश्नावर ती मागे पडली आणि जूनअखेर तिची सत्ता प्रत्यक्षात संपुष्टात आली. जुलैच्या अध्यादेशात दिसणारी घाई यातून समजते. जनरल हाऊची इंग्रज फौज नुकतीच स्टेटन आयलंडवर उतरली होती, पेनसिल्व्हेनियाच्या असोसिएटरांना शेजारच्या न्यू जर्सीत कूच करण्याचे हुकूम होते आणि त्यांपैकी अनेकांपाशी चालण्याजोगे हत्यार नव्हते. संमेलनातील सभासदांपैकी कित्येकांचा या पलटणींशी थेट संबंध होता. त्यांच्या लेखी जप्तीचा अध्यादेश आणि शस्त्रांचा हक्क या एकाच विचाराच्या दोन बाजू होत्या. राज्याच्या रक्षणाला जो उभा राहतो ती जनता, शस्त्रे जनतेची, आणि जो उभा राहत नाही त्याने निदान आपले हत्यार उभ्या राहणाऱ्याला द्यावे.

याच सनदेच्या आठव्या कलमात, ज्याच्या सदसद्‌विवेकबुद्धीला शस्त्र धरणे पटत नाही त्याच्यावर सक्ती करता येणार नाही, मात्र त्याने त्याऐवजी योग्य ती रक्कम भरली पाहिजे, अशी सवलत होती. कागदावर ती उदार दिसते. परंतु कर्मठ क्वेकराच्या दृष्टीने युद्धाऐवजी भरलेला पैसा हा युद्धासाठीच भरलेला पैसा होता. त्यामुळे तो दंडही भरीना आणि बदली माणूसही देईना. मग वसुली अधिकारी घरातील गाय, घोडा, भांडीकुंडी उचलून लिलावात काढीत आणि क्वेकरांच्या सभा अशा जप्त वस्तूंच्या याद्या किमतीसह टिपून ठेवीत.

१७७७: शपथ

पुढील वर्षी चित्र पालटले. मार्च १७७७ मध्ये राज्याने प्रथमच सक्तीचा मिलिशिया (नागरिकांची फौज) कायदा केला आणि १८ ते ५३ वयाच्या गोऱ्या पुरुषांची नावे पटावर आली. ‘असोसिएटर’ हा भेदच त्यामुळे निरर्थक झाला. त्याची जागा १३ जून १७७७ च्या कायद्याने घेतली. हा कायदा ‘टेस्ट ॲक्ट’ या नावाने ओळखला जातो. निष्ठा आणि संरक्षण ही परस्परावलंबी आहेत आणि जो निष्ठा देणार नाही त्याला संरक्षणाचा लाभ मागता येणार नाही, असे त्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे. अठरा वर्षांवरील प्रत्येक गोऱ्या पुरुषाने १ जुलैपर्यंत न्यायाधिकाऱ्यासमोर शपथ घ्यावी किंवा प्रतिज्ञा करावी आणि तसा दाखला घ्यावा, असा हुकूम होता.

क्वेकर कोणतीच शपथ घेत नाहीत, हे ध्यानात ठेवून कायद्याने ‘प्रतिज्ञा करतो’ हा पर्याय आधीच दिला होता. म्हणून त्यांची अडचण केवळ शपथ या प्रकाराची होती, असे म्हणता येत नाही. खरी अडचण मजकुरात होती. त्यात तीन गोष्टी कबूल कराव्या लागत. तिसरा जॉर्ज आणि त्याचे वारस यांच्याशी असलेली सर्व निष्ठा मी सोडून देतो. पेनसिल्व्हेनिया या स्वतंत्र राज्याशी मी एकनिष्ठ राहीन. आणि या राज्याविरुद्ध किंवा संयुक्त संस्थानांपैकी कोणाविरुद्धही जो देशद्रोह वा कट मला ठाऊक आहे किंवा पुढे ठाऊक होईल, तो मी न्यायाधिकाऱ्याला कळवीन. ज्या युद्धाचा निकाल लागलेला नाही, त्यात एका पक्षाचे राज्य कबूल करून दुसऱ्याचे नाकारणे म्हणजे युद्धात भाग घेणेच, असे या पंथांचे मत होते. शेवटची अट तर शेजाऱ्याची चुगली करण्याचे आगाऊ वचन मागत होती. मेनोनाइटांना आणखी एक पेच होता. जर्मनीहून येताना त्यांच्या वडीलधाऱ्यांनी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेचे वचन दिले होते, आणि राजा वाईट निघाला म्हणून वचन मोडता येते, हे त्यांच्या धर्मबुद्धीला पटत नव्हते.

शपथ नाकारणाऱ्याचे काय होई, याची यादी कायद्यात एका दमात येते. त्याला कोणतेही पद मिळणार नाही, ज्यूरीवर बसता येणार नाही, येणे वसूल करण्यासाठी दावा लावता येणार नाही, मत देता येणार नाही, निवडून येता येणार नाही, जमीन विकत घेता, विकता वा हस्तांतरित करता येणार नाही. आणि काउंटीचा (परगण्याचा) लेफ्टनंट किंवा सबलेफ्टनंट, म्हणजे तेथील मिलिशियाचे अधिकारी, त्याला निःशस्त्र करील. आपल्या शहराबाहेर वा काउंटीबाहेर दाखल्याविना प्रवास करणारा हेर समजून पकडला जाऊ शकत होता, आणि शपथ घेईपर्यंत त्याला जामिनाविना तुरुंगात ठेवण्याची मुभा होती.

निःशस्त्रीकरण आता कुठे येऊन बसले आहे ते पाहावे. १७७६ मध्ये त्याच्या मागेपुढे पलटणी, पुरवठा आणि मोबदला होते. १७७७ मध्ये त्याच्या शेजारी मताधिकार, ज्यूरी आणि जमीनव्यवहार आहेत. बंदूक हा आता नागरिकत्वाचा एक अंश झाला आणि नागरिकत्वच काढून घेतल्यावर तो अंशही आपोआप गळून पडला. शिपायाच्या हाती किती हत्यारे आली, यापेक्षा कोणाच्या हातातून ती गेली, याला महत्त्व आले.

त्यानंतरच्या घटनांनी कायद्याची धार वाढवली. सप्टेंबर १७७७ मध्ये फिलाडेल्फियातील सुमारे वीस जणांना, ज्यांत बहुतेक प्रतिष्ठित क्वेकर होते, खटला न चालवता व्हर्जिनियात विंचेस्टरला हद्दपार करण्यात आले. त्यांत पेम्बर्टन बंधू होते. हद्दपार केलेल्यांपैकी अन्य दोघांचा तेथेच मृत्यू झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस इंग्रजांनी फिलाडेल्फिया घेतले आणि १८ जून १७७८ पर्यंत ते त्यांच्या ताब्यात राहिले. या कब्जाच्या काळात कोण कोणाशी कसे वागले, याचा हिशेब नंतर चुकवला गेला. १७७८ च्या पूरक कायद्याने शपथ न घेणाऱ्यांवर दुप्पट कर बसवले आणि वकिली, व्यापार, शिक्षकी असे व्यवसाय त्यांना बंद केले. नॉर्दॅम्प्टन काउंटीतील सॉकन भागात मेनोनाइट कुटुंबांचे घरसामान विक्रीला काढले गेले, इतके की बायकांना असेंब्लीकडे अर्ज घेऊन जावे लागले. १७७९ च्या कायद्यात तर स्पष्टच लिहिले आहे की राज्याच्या स्वातंत्र्याला प्रतिकूल असलेल्या माणसांनी बंदुका, युद्धात वापरली जाणारी अन्य हत्यारे किंवा बंदुकीची दारू आपल्याजवळ अथवा इतरत्र ठेवणे अत्यंत अनुचित व धोकादायक आहे, आणि शपथ न घेतलेल्यांकडून ती काढून घेण्याचा अधिकार काउंटीच्या मिलिशिया अधिकाऱ्यांना दिला आहे.

येथे कायद्याच्या शब्दांत एक मोठी गल्लत आहे. ‘प्रतिकूल माणसे’ हे कारण म्हणून सांगितले जाते आणि ‘शपथ न घेतलेली माणसे’ ही कसोटी म्हणून लावली जाते. इंग्रजांना गुप्तपणे मदत करणाऱ्या व्यापाऱ्याला शपथ घेऊन दाखला खिशात टाकणे मुळीच अवघड नव्हते. अवघड होते ते त्याला, जो खोटे बोलायला तयार नव्हता. ज्यांच्यापासून हिंसेची भीती सर्वांत कमी, असे लोक या चाळणीत सर्वांत आधी अडकले.

काळ्या माणसांचा उल्लेख या कायद्यात नाही, याचा अर्थ त्यांना मोकळीक होती असा नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभापासूनच मालकाच्या खास परवानगीविना त्यांनी हत्यार बाळगणे पेनसिल्व्हेनियात फटक्यांच्या शिक्षेस पात्र होते. निष्ठा सिद्ध करण्याची संधीच त्यांना देऊ केलेली नव्हती.

बाजू बदलली तेव्हा

१७८३ मध्ये युद्ध संपल्यावरही शपथेचे कायदे राहिले. राज्यात तेव्हा दोन पक्ष होते: १७७६ ची घटना उचलून धरणारा आणि ती बदलू पाहणारा. शपथ न घेतलेल्यांना मताधिकार मिळाला, तर ते दुसऱ्या पक्षाच्या पारड्यात पडतील, हे पहिला पक्ष ओळखून होता. त्यामुळे सुरक्षिततेसाठी केलेला कायदा मतांच्या गणितावर तगून राहिला. फिलाडेल्फियाचे डॉक्टर आणि क्रांतीचे पुढारी बेंजामिन रश यांनी १७८४ मध्ये त्याविरुद्ध लिहिले. १७८६ आणि १७८७ मध्ये अटी सैल झाल्या आणि १७८९ मध्ये हे कायदे पूर्णपणे रद्द झाले.

दरम्यान एक गंमत घडली. नोव्हेंबर १७८७ मध्ये फिलाडेल्फियात नव्या संघराज्याच्या घटनेला मान्यता देण्यासाठी संमेलन भरले आणि तेथे डिसेंबरमध्ये ४६ विरुद्ध २३ मतांनी मान्यता मिळाली. हरलेल्या अल्पमतातील एकवीस जणांनी आपली विरोधाची कारणे छापून प्रसिद्ध केली. त्यात त्यांनी अशी मागणी केली की स्वतःच्या, राज्याच्या व संयुक्त संस्थानांच्या रक्षणासाठी तसेच शिकारीसाठी शस्त्रे धारण करण्याचा हक्क लोकांना असावा, आणि गुन्हा केलेला असल्याशिवाय किंवा व्यक्तींकडून सार्वजनिक हानीचा खरा धोका असल्याशिवाय लोकांना वा त्यांच्यापैकी कोणालाही निःशस्त्र करणारा कायदा होऊ नये. या दुरुस्त्या संमेलनात मांडणारे रॉबर्ट व्हाइटहिल हे १७७६ ची घटना घडवणाऱ्यांपैकी एक, आणि अल्पमतातील मंडळी बहुतांशी त्याच घटनेच्या पक्षाची. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या पक्षाने गुन्हा न करणाऱ्या आणि कोणाला धोका नसलेल्या शेजाऱ्यांची हत्यारे काढून घेण्याचा कायदा राबवला, त्यांनाच आता परक्या, दूरच्या सरकारच्या हाती तो अधिकार जाण्याची धास्ती वाटू लागली. यात दांभिकता आहेच. पण अनुभवही आहे, कारण असा कायदा काय काय करू शकतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

ही मागणी फेटाळली गेली. १७९१ मध्ये अमलात आलेली दुसरी घटनादुरुस्ती निराळ्या शब्दांत आली, आणि त्या काळी ती केवळ संघराज्य सरकारला लागू होती, राज्यांना नाही. पेनसिल्व्हेनियाने १७९० च्या नव्या घटनेत स्वतःचे कलम बदलून घेतले. आता ‘जनते’च्या ऐवजी ‘नागरिकां’चा, स्वतःच्या व राज्याच्या रक्षणार्थ शस्त्रे धारण करण्याचा हक्क प्रश्नांकित केला जाणार नाही, असे शब्द आले.

आजच्या न्यायालयात

२०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात असा दंडक घातला की आजचा शस्त्रकायदा टिकायचा असेल, तर देशाच्या ऐतिहासिक परंपरेत त्याला आधार दाखवता आला पाहिजे. तेव्हापासून पेनसिल्व्हेनियाचे हे जुने कायदे सरकारी वकिलांच्या युक्तिवादांत वारंवार दिसू लागले. फिलाडेल्फियातच बसणाऱ्या तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे आलेले प्रकरण नमुनेदार आहे. १९९५ मध्ये कुटुंबासाठी अन्नकुपने मिळवताना उत्पन्नाची खोटी माहिती दिल्याबद्दल दोषी ठरलेल्या पेनसिल्व्हेनियातील एका गृहस्थाला, त्या गुन्ह्याला वर्षाहून अधिक कैदेची तरतूद असल्यामुळे, केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगण्यास आजन्म मनाई होती. तीन न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारच्या बाजूने निकाल देताना क्रांतिकाळातील शपथ नाकारणाऱ्यांच्या निःशस्त्रीकरणाचा आधार घेतला. कायद्याचा आदर न करणाऱ्यांना हत्यार न देण्याची परंपरा आहे, असा त्याचा रोख होता. पूर्ण पीठाने जून २०२३ मध्ये तो निकाल फिरवला. ज्या गटांवर तेव्हाच्या सरकारांचा अविश्वास होता त्यांना निःशस्त्र केले गेले, एवढ्यावरून हा माणूस तशा गटात मोडतो असे सिद्ध होत नाही, असे बहुमताने म्हटले. कौटुंबिक हिंसेच्या मनाई-हुकुमाखालील माणसाची शस्त्रबंदी वैध ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ मधील रहिमी निकालानंतर फेरविचार झाला, तरी डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण पीठ त्याच निष्कर्षावर कायम राहिले.

बहुमताचा निष्कर्ष मला योग्य वाटतो, मात्र त्याला पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यातच एक अधिक भक्कम आधार होता. १७७७ च्या कायद्याखाली निःशस्त्र झालेल्या माणसाची अपात्रता त्याच्या भूतकाळातील कृत्यावर अवलंबून नव्हती. तो ज्या दिवशी न्यायाधिकाऱ्यासमोर जाऊन प्रतिज्ञा करील, त्या दिवसापासून बंदूक, मत आणि जमीन हे सारे पुन्हा त्याचे होऊ शकत होते. १७७८ मध्ये मुदत उलटून गेलेल्यांवर निर्बंध कडक झाले, तरी मूळ रचना निष्ठा मिळवण्याचीच होती. आजन्म मनाई करणाऱ्या आजच्या कायद्यात असे परतीचे दार कोणत्याही शपथेने उघडत नाही. उलट, शस्त्रनियंत्रणाला सरसकट विरोध करणारे १७७६ चे तेरावे कलम पुढे करतात, तेव्हा १९ जुलैचा अध्यादेश त्यांना वाचावा लागेल, कारण ‘जनता’ म्हणजे कोण, हे त्या कलमाच्या कर्त्यांनी आधीच ठरवून टाकले होते आणि लँकेस्टर, नॉर्दॅम्प्टनमधील हजारो शांत, करदात्या शेतकऱ्यांना त्यांनी त्या व्याख्येच्या बाहेर ठेवले होते.